धातुशोधक यंत्राचे आंकडे

जुन्नर हें सातवाहन व क्षत्रप यांच्या काळचें मोठें नगर. त्याच तालुक्यांत येडगांवीं कुकडीवरील धरणाचें पाणी उन्हाळ्यांत ओसरलें, कीं धातुशोधक यंत्र घेऊन काठानें हिंडावें, असा मोह घरांतील एखाद्या उत्साही तरुणास होणें स्वाभाविक आहे. मात्र यंत्र आंकडा दाखवितें, नाणें नव्हे.

हा आंकडा धातूच्या विद्युद्वाहकतेवर आणि वस्तूच्या आकारमानावर ठरतो. लोखंडी खिळा तळाशीं, चांदीचा रुपया वरच्या टोकास, हा ढोबळ क्रम खरा. शिवराईचें तांबेंही बरेंच वर जातें. परंतु सातवाहनांचीं पुष्कळ नाणीं शिशाचीं! शिसें मंद वाहक. त्याचा आंकडा बाटलीच्या पत्र्याच्या झांकणांच्या गर्दींत पडावयाचा. खालचे आंकडे कचरा म्हणून सोडणारा कदाचित् सर्वांत जुनें नाणेंच सोडील. त्यांतून आमच्या काळ्या दगडाच्या मातींत लोहांश फार. खोलवरचा आंकडा डळमळतो. यंत्र उभें-आडवें फिरवूनही तोच आंकडा आला, तर कांहीं विश्वास ठेवावा.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविला होता. क्षत्रपांच्या पराभवाची ही साक्ष संचय एकत्र हातीं आला म्हणून मिळाली. एकेक नाणें उकरून खिशांत गेलें असतें, तर ती बुडाली असती.

म्हणून मोह आवरावा, असें आम्हांस वाटतें. शिवाय १८७८ च्या निधि-कायद्यान्वयें जमिनींत सांपडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा कलेक्टरास लेखी कळविणें भाग आहे.