गुरुवारची रात्र आणि तहानेची गल्ली

बडोद्याहून फ्रान्सला निघालो तेव्हा आईने बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि एक ताकीद भरून दिली होती : "सातच्या आत खोलीवर यायचं." साल २०१४. कलाभवनातून बीई करून मी एमएससाठी रेन शहरात चाललो होतो. ही ताकीद मी पहिले चार आठवडे तंतोतंत पाळली. त्या चार आठवड्यांत माझी एकाही माणसाशी मैत्री झाली नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पुढेमागे बाहेर शिकायला जाल. प्रवेश, व्हिसा, शिष्यवृत्ती यांची माहिती हवी तेवढी मिळते. संध्याकाळी सातनंतर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

गुरुवारच का?

रेन ही ब्रिटनी प्रांताची राजधानी, पॅरिसहून टीजीव्हीने दीडेक तासावर. लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आणि विद्यार्थी ६० हजारांहून जास्त. शुक्रवारी दुपारी यातले कितीतरी जण कपड्यांची पिशवी घेऊन गाडीने आईवडिलांकडे जातात. त्यामुळे विद्यार्थ्यांची खरी रात्र शनिवारची नसते, गुरुवारची असते.

वर्गातली मुलं दर गुरुवारी विचारायची, "येतोस का?" मी अभ्यासाचं कारण सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. बार मी पाहिले होते ते दमणच्या सहलीत, तेही रस्त्याच्या पलीकडून. ही मुलं जिथे जात त्या रस्त्याचं नाव रू सें-मिशेल, पण सगळं गाव त्याला 'रू द ला स्वाफ' म्हणतं, म्हणजे तहानेची गल्ली! शंभर मीटरसुद्धा लांबी नसेल, आणि दोन्ही बाजूंना बारला लागून बार. तिथे माझं काय काम?

नऊ चौरस मीटरच्या खोलीत मी खिचडी लावायचो आणि लॅपटॉपवर जुने मराठी सिनेमे पाहायचो. बाहेर बारीक पाऊस. दिवस लहान होत चालले होते. डिसेंबरात तर सव्वापाचला अंधार पडतो. घरी फोनवर "मजेत आहे" म्हणत होतो, पण मजेत नव्हतो.

पुदिन्याचं सरबत

पाचव्या गुरुवारी वर्गातल्या एका मोरोक्कन मुलाने दार ठोठावलं. म्हणाला, "मीही पीत नाही. चल."

मेट्रोने सेंत-आन चौकात उतरलो. ही मेट्रो २००२ पासून विनाचालक धावते. मी इंजिनिअर असल्याने पहिल्या डब्यात अगदी पुढे उभा राहिलो. चौकापासून गल्ली हाकेच्या अंतरावर. १७२० च्या मोठ्या आगीतून वाचलेली, लाकडी चौकटींची वाकडीतिकडी घरं, खाली दिवे आणि गर्दी. माझ्या पोटात गोळा.

मित्राने माझ्यासाठी 'दियाबोलो' मागवलं. म्हणजे गोड, बुडबुड्यांच्या लेमोनेडमध्ये फळाचं किंवा पुदिन्याचं सिरप. तिथली लहान मुलं पितात ते. मला वाटलं, आता हसणार सगळे. कोणी हसलं नाही. "का पीत नाहीस?" असंही कोणी विचारलं नाही. दोन तासांत मला कळलं की हे लोक एका ग्लासवर तासभर बोलत बसतात. त्या रात्री मी जेवढं फ्रेंच बोललो तेवढं महिनाभराच्या क्लासमध्ये बोललो नव्हतो. आमचा प्रोजेक्टचा गटही तिथेच ठरला. मी खोलीत बसून राहिलो असतो तर त्या गटात माझं नाव नसतं.

तीही बाजू

आता जे गोड नाही तेही सांगतो. दोन हजारच्या दशकात याच भागात गुरुवारच्या रात्री पोलीस आणि तरुणांच्या चकमकी गाजल्या होत्या. पुढे नगरपालिकेने गुरुवारी दारूविरहित मोफत कार्यक्रम सुरू केले. पण पिणारे पितातच.

डिसेंबरातल्या एका रात्री आमच्या वर्गातला एक जण भिंतीला टेकून बसला तो उठेचना. हाक मारली तर ओ देईना. बाकीचे म्हणाले, "खोलीवर नेऊन झोपवू, सकाळी ठीक होईल." आम्ही दोघेच शुद्धीवर होतो, आम्ही ऐकलं नाही. त्याला कुशीवर वळवलं, अंगावर जॅकेटं टाकली आणि १५ नंबर फिरवला. हा तिथला वैद्यकीय मदतीचा नंबर. ११२ सगळ्या युरोपात चालतो. माझं फ्रेंच तुटकंमुटकं, तरी रस्त्याचं नाव आणि "तो उठत नाही" एवढं सांगता आलं. रुग्णवाहिका आली. दुसऱ्या दिवशी तो घरी परतला. उशीर झाला असता तर काय, हे नंतर डॉक्टरांनी त्याला ऐकवलं.

त्यानंतर आम्हा दोघांना वर्गात 'कॅप्टन' म्हणू लागले. रात्री न पिता सगळ्यांना नीट घरी पोचवणाऱ्याला फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. न पिणारा माणूस तिथे अडचण नसतो, त्याची गरज असते.

रात्रीचा उत्सव

मग कळलं की गल्लीपलीकडेही रात्र आहे. डिसेंबरात त्रान्स म्युझिकाल हा संगीत महोत्सव होतो, १९७९ पासून. निर्वाणा बँड इथे १९९१ मध्ये वाजवून गेला. २१ जूनला संगीताचा दिवस, १९८२ पासून देशभर. त्या रात्री रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर कोणी ना कोणी वाजवत असतं आणि दहानंतरही आकाशात उजेड असतो.

पण मला जिंकलं ते 'फेस्त-नोझ'ने. ब्रेतों भाषेत 'फेस्त' म्हणजे उत्सव, 'नोझ' म्हणजे रात्र. एका साध्या हॉलमध्ये, थोड्या युरोंचं तिकीट. बोंबार्द नावाचं वाद्य वाजू लागलं आणि मी चमकलो, सूर थेट आपल्या सनईच्या घराण्यातला! दोन गायक गात होते. एकाची ओळ संपता संपता दुसरा ती उचलायचा, पोवाड्यातल्या झीलकऱ्यासारखा. लोक करंगळीत करंगळी अडकवून साखळी करत होते. सत्तरीच्या एका आजींनी न विचारता माझी करंगळी धरली आणि ओढलं. पावलं चुकली, कोणाला पर्वा नव्हती. तीन पिढ्या एकाच साखळीत. खायला कुट्टूच्या पिठाचे 'गालेत'. आपण उपासाला खातो तेच कुट्टू. मी चीज आणि अंडं घातलेलं घेतलं.

परतताना शेवटच्या मेट्रोत हसू आलं. मी बडोद्याचा! नऊ रात्री हजारो अनोळखी माणसांबरोबर, दारूच्या थेंबाशिवाय, गोल धरून नाचणाऱ्या गावचा. आणि मी रात्रीला घाबरून खोलीत बसलो होतो. फेस्त-नोझ २०१२ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, आपला गरबा २०२३ मध्ये.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

शेवटच्या मेट्रोची वेळ आधी पाहून ठेवा. गुरुवार ते शनिवार ती जास्त उशिरापर्यंत असते. ग्लास नजरेआड ठेवू नका. गटाने जा, गटानेच परता. आणि प्यायचं नसेल तर स्पष्ट "नाही" म्हणा, पण जायला "नाही" म्हणू नका.

पालकांनाही एक विनंती. "बाहेर जाऊ नकोस" याऐवजी "कोणाबरोबर जातोयस?" एवढंच विचारा. एकटं पडलेलं मूल फोनवर कधीच सांगत नाही.

या सप्टेंबरात माझी मामेबहीण तूलूझला चालली आहे. आईने तिलाही मेतकूट दिलं. ताकीद मात्र बदलली आहे : "मैत्रिणींबरोबर जात जा गं. फक्त शेवटची मेट्रो चुकवू नकोस."