नवरात्राचा नैवेद्य आणि फ्रीझरचा खण

घटस्थापना झाली की येवल्याची पावले जवळच्या कोटमगावी, जगदंबेच्या दर्शनाला वळतात. सणासुदीत पैठणीलाही मागणी असते. अशा वेळी मागावर बसणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या भगिनींना उपवास, कुळाचार आणि पाहुणे यांचा मेळ घालावा लागतो. देवीच्या उत्सवात घरच्या लक्ष्मीलाच दर्शनाची सवड नसावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

फ्रीज आता पुष्कळ घरांत आहे. त्याचा वरचा खण मात्र बर्फापुरताच उरतो. ‘देवाला शिळे कसे चालेल?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे. श्रावणात शीतला सप्तमीला अनेक घरी चूल थंड ठेवून आदल्या दिवशी रांधलेलेच देवीला दाखवतात खरे. परंतु तो त्या दिवसाचा आचार. एरवी नैवेद्याची पोळी ताजीच लाटावी, साठवावी ती पूर्वतयारी, असे आमचे मत आहे. कुळाचार पुरणही ताजेच मागत असेल, तर साठवलेले पंगतीसाठी ठेवावे.

सुनेला वा लेकीला हे शिकवताना आरंभ पंचांगापासून करावा. अष्टमीला पुरण हवे, तर पाचव्या माळेलाच डाळ शिजवावी. कट निथळून, गूळ घालून, उलथने उभे राहीपर्यंत आटवावे. वाटून परातीत पसरून निववावे. गरम डबा आत ठेवल्यास शेजारचे जिन्नस तापतात, आणि बाहेर दोन तासांपेक्षा अधिक राहू देणेही बरे नव्हे. एका वेळेपुरते चपटे पुडे करून तारीख लिहावी. चपटा पुडा लवकर गोठतो. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या खणात उतरवावा, ओट्यावर नव्हे. कटाच्या आमटीचा डबा काठोकाठ भरू नये, गोठताना ती फुगते. खोवलेला नारळ उत्तम टिकतो. उकडलेला बटाटा मात्र पाणी सोडतो. भगर तर झटपट शिजते, ती कशाला साठवावी? उपवासाचे डबे कांदालसणाच्या वाटणापासून दूर असावेत, हे सांगणे नलगे.

खणात उणे १८ अंश थंडावा हवा. वीज गेल्यास दार उघडू नये. भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर बंद दाराने सुमारे दोन दिवस तग धरतो, फ्रीजचा लहान खण तितका नाही. पुडा मऊ पडून थंडावाही गेला असेल, तर गुळातुपाचा मोह सोडून तो टाकावा.