पंक म्हणजे केवळ रंगवलेले केस नव्हेत

घरातल्या मुलाने केसांचा तुरा उभा केला की आपण चटकन म्हणतो, "पोरगं वाया गेलं!" पण पंक म्हणजे नेमके काय?

१९७०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक संगीत पुढे आले. वाद्यावर हात बसलेला नसला, मोठी कंपनी पाठीशी नसली, तरी आपले म्हणणे आपणच मांडायचे, हा त्याचा गाभा. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसन्या पैशांतून चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पंक म्हणजे नशा, हाही गैरसमज. दारू-सिगारेट कटाक्षाने टाळणारा 'स्ट्रेट एज' हा प्रवाह १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या पंकमधूनच निघाला.

मराठीत १९५०च्या दशकाच्या मध्यास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुणांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. आपल्या बसवकल्याणला तर बाराव्या शतकातच शरणांनी संस्कृतऐवजी लोकांच्या कन्नडमध्ये वचने रचली. ही मंडळी पंक नव्हती. पण आपला आवाज आपणच उठवण्याची वाट इथेही जुनी आहे.

म्हणून मुलांना केसांवरून जोखू नका. काय ऐकतोस, त्यात काय आवडते, हे शेजारी बसून विचारा. पटले नाही तर तेही मोकळेपणी सांगा.