उसाची मोळी आणि खांद्याचं दुखणं

उजनी धरणाच्या पाण्यावर सोलापूरच्या करमाळा-माढ्यात ऊस वाढला, तशा ऊसतोड टोळ्याही येऊ लागल्या. दिवसभर कोयत्याचे घाव; मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं.

हात खांद्याच्या वर गेला की दंडाचं हाड आणि खांद्याच्या टोकाचं वरचं हाड यांच्यामध्ये, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा दबू शकते. जोर लावून तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली, तर कंडरा सुजते, झिजते, कधी फाटतेही.

भार मोळीचाच नसतो. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायची, खाडा झाला तर पैसे कापले जाणार, गाडी रात्री आली तरी उठायचं. कामावर आपला ताबा नसला की मानेखांद्याचे स्नायू आखडून राहू शकतात, झीज भरून निघायला विश्रांती मिळत नाही. अभ्यासांत शारीरिक श्रमांचा संबंध जास्त ठळक दिसतो, पण मानसिक ताणही दुखण्यात भर घालतो.

म्हणून नुसतं मलम चोळून भागत नाही. मोळी लहान बांधणं, मधे विसावा आणि वेळेवर तपासणी, तिन्ही गोष्टी हव्यात.