मिस्ड कॉलला उत्तर देणारा सर्व्हर

बस्तरमधल्या एखाद्या गावात रोजगार हमीची मजुरी महिनोन्‌महिने थकलेली असते. गावातला कुणीतरी मोबाइलवरून एक नंबर लावतो, घंटी वाजली की फोन तुटतो आणि थोड्या वेळात त्याच नंबरवरून उलटा फोन येतो. पलीकडचा ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत सांगतो, निरोप द्यायचा असेल तर एक दाबा, इतरांचे निरोप ऐकायचे असतील तर दोन. एक दाबायचं, बीप ऐकायची आणि बोलायला लागायचं: नाव, गाव, तक्रार आणि ती ज्यांच्याकडे पडून आहे त्या साहेबांचा फोन नंबर. यासाठी लिहिता-वाचता यावं लागत नाही, स्मार्टफोन किंवा इंटरनेट लागत नाही आणि कॉलचे पैसेही पडत नाहीत.

या व्यवस्थेचं नाव ‘सीजीनेट स्वर’. ती फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाली. बीबीसीसाठी दक्षिण आशियात निर्माता म्हणून काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ती उभी केली. नावातल्या ‘सीजी’चा अर्थ त्यांच्या लेखी सेंट्रल गोंडवाना. म्हणजे त्यात छत्तीसगडबरोबर मध्य प्रदेश, तेलंगण, ओडिशा येतात आणि आपले गडचिरोली-चंद्रपूरही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे लोक सुमारे ३० लाख होते. एवढ्या माणसांची भाषा, पण रायपूरच्या वर्तमानपत्रांत तिला जागा नाही आणि मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला ती समजत नाही. जंगलातली बातमी राजधानीपर्यंत यायची तर ती दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून यायची.

यावर रेडिओ हा सरळ उपाय होता. पण भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत आणि सामुदायिक केंद्रांनाही तेच बंधन आहे. टेलिफोनला मात्र असं बंधन नव्हतं. एमआयटीत पल्लवी कोटकर, विल्यम थीस आणि समन अमरसिंघे यांनी ‘ऑडिओ विकी’ नावाची कल्पना मांडली होती: लोकांनी फोनवर बोलायचं आणि फोनवरच एकमेकांचं ऐकायचं. थीस पुढे बंगळूरला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये आले आणि ही कल्पना छत्तीसगडच्या कामाला आली. सुरुवातीचा नंबरही बंगळूरच्या ०८० कोडचाच होता.

‘स्वर’च्या आत जे यंत्र चालतं त्याची गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सुरू होते. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्यानं लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीसाठी मदत देणारी छोटी कंपनी काढली. ग्राहकांचे फोन घ्यायला एक्स्चेंज हवं होतं, पण विकतच्या एक्स्चेंजची किंमत झेपणारी नव्हती, म्हणून त्यानं ते सॉफ्टवेअरमध्येच लिहिलं. ‘अ‍ॅस्टेरिस्क’ हे त्याचं नाव. जीपीएल परवान्याखाली त्यानं त्याचा सगळा कोड खुला केला. साधा संगणक, त्यावर लिनक्स आणि टेलिफोनची तार जोडणारं कार्ड एवढं असलं की कंपन्या ज्या यंत्रासाठी लाखो रुपये मोजत होत्या, ते टेबलावर उभं राहायचं.

अ‍ॅस्टेरिस्कचं वागणं ‘डायलप्लॅन’ नावाच्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. कुठल्या नंबरवर फोन आला की पहिल्यांदा काय करायचं, मग काय, हे ओळीनं मांडायचं: फोन उचल, ही ध्वनिफीत वाजव, कोणतं बटण दाबलं ते बघ, आवाज साठव. ओळींत मावणार नाही असं काही करायचं असेल तर अ‍ॅस्टेरिस्क पायथनसारख्या भाषेतल्या प्रोग्रामकडे सूत्रं देतो आणि काम झालं की परत घेतो. ‘स्वर’ची घडण याच पायावर झाली. साठवलेली ध्वनिफीत ‘लाउडब्लॉग’ या दुसऱ्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि तिथे संपादकांसमोर रांगेत येते. यातल्या एकाही भागासाठी परवाना शुल्क नव्हतं, आणि कुठलाही भाग हवा तसा बदलायला कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. एखाद्या कंपनीचं बंदिस्त कोडचं एक्स्चेंज घेतलं असतं तर हा प्रयोग पहिल्या वर्षातच थांबला असता, असं वाटतं.

पण संपादकाचं काम कुठलाच सर्व्हर करत नाही. आलेला निरोप कुणीतरी ऐकावा लागतो, बोलणाऱ्याला पुन्हा फोन करून खातरजमा करावी लागते, कुजबुज आणि खरखर काढावी लागते, मगच तो सगळ्यांसाठी खुला होतो. नंतर शहरातले श्रोते निरोपात सांगितलेल्या नंबरवर अधिकाऱ्याला फोन लावतात. दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी माणसानं बंद हातपंपाबद्दल विचारलं की कार्यालयातही हालचाल होते. काम झालं तर तोच गावकरी पुन्हा फोन करून तेही नोंदवतो. प्रीती मुदलियार, जोनाथन डोनर आणि थीस यांनी या व्यवहाराचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये चौधरींना ‘इंडेक्स ऑन सेन्सॉरशिप’चा डिजिटल चळवळीसाठीचा पुरस्कार मिळाला.

छत्तीसगडच्या पत्रकारितेच्या आरंभी एक मराठी माणूस आहे, हे इथे सांगायलाच हवं. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे सप्रे १९२६ मध्ये रायपूरला वारले. त्यांचं मासिक सुमारे तीन वर्षांत बंद पडलं, कारण पैसा पुरला नाही.

पैशाचा हा प्रश्न ‘स्वर’लाही सुटलेला नाही. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी मिनिटं फुकट नसतात. मिस्ड कॉलमुळे खर्च गावकऱ्याच्या खिशातून सर्व्हरच्या बिलावर आला, आणि जितके श्रोते वाढतील तितकं ते बिल वाढणार. देणग्यांवर हे किती दिवस चालणार? म्हणून पुढे ‘बुल्टू रेडिओ’ आला. निरोपांचा कार्यक्रम तयार करायचा, इंटरनेट असलेल्या ग्रामपंचायतीत तो उतरवून घ्यायचा आणि तिथून ब्लूटूथनं एका फोनमधून दुसऱ्यात द्यायचा. आठवडी बाजाराला आलेला माणूस कार्यक्रम खिशात घेऊन घरी जातो आणि यात टेलिफोन कंपनीचं एक मिनिटही खर्च होत नाही.

भाषेचा पेच मात्र ब्लूटूथनं सुटत नाही. गडचिरोलीची गोंडी, बस्तरची गोंडी आणि आदिलाबादची गोंडी यांत पुष्कळ अंतर आहे. म्हणून ‘स्वर’च्या पुढाकारानं निरनिराळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसले आणि वर्षानुवर्षं खपून त्यांनी सामाईक शब्दकोश केला. नंतर नवा रायपूरची आयआयआयटी आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च यांच्यासोबत हिंदी-गोंडी यंत्रानुवादाचं काम सुरू झालं. यंत्राला शिकवायचं तर दोन्ही भाषांतली वाक्यं जोडीनं लागतात, आणि गोंडीत लिखित मजकूर नावापुरताच होता. तेव्हा ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या मुलांसाठीच्या गोष्टी निवडल्या गेल्या, कारण त्याही खुल्या परवान्याच्या होत्या. गोंडी भाषकांनी कार्यशाळेत बसून त्या एकेक वाक्य करत आपल्या भाषेत लिहिल्या. त्यामुळे अनुवाद यंत्र तयार होण्याच्या आधीच गोंडी मुलांना वाचायला गोष्टी मिळाल्या.