पाय चुकला तरी थांबू नका

क्यूबाचा साल्सा शिकायचा म्हटले की नवख्याला धास्ती वाटते ती पायांची. वाचक बंधुभगिनींनो, तेथे या नाचाला ‘कासिनो’ म्हणतात. १९५० च्या दशकात हवानाच्या क्लबांत तो रूढ झाला.

शिकताना मोजणी आठ मात्रांची. एक-दोन-तीनला पावले, चारला विसावा. पाच-सहा-सातला पावले, आठला विसावा. नवखा घाईत विसावाच गाळतो आणि ताल सुटतो. आधी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचा सराव करावा. हातांची गुंफण नंतर.

‘रुएदा’त जोड्या रिंगण धरतात. म्होरक्याने ‘दामे’ म्हणताच जोडीदार बदलायचा. जाखडीप्रमाणे येथेही एकजण थांबला की रिंगण अडते. म्हणून चुकलात तर लाजून बाहेर पडू नका. ताल ऐका, पुढच्या ‘एक’वर पाऊल टाका. पुढच्या ‘दामे’ला नवा जोडीदार हात पुढे करतोच!