सिंहगड, तानाजी आणि घोरपड

सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की कुणीतरी मुलांना सांगताना ऐकू येतं: आधी हा कोंढाणा होता, तानाजी पडले म्हणून महाराजांनी त्याला सिंहगड नाव दिलं. मीही लहानपणी हेच ऐकलं.

पण तानाजी पडले ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, आणि एप्रिल १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात या गडाचं नाव ‘सिंहगड’ असं आलं आहे. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला. तानाजी परत घ्यायला निघाले, तेव्हा ‘सिंहगड’ हे नाव किमान पावणेसात वर्षांचं होतं.

मग तानाजींना सिंह कुणी म्हटलं? ‘गड आला पण सिंह गेला’ हे ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचं नाव घराघरांत पोचलं आणि तेच महाराजांचे शब्द मानले गेले. सभासदाच्या बखरीत महाराजांचा जो उद्गार आहे, त्यात सिंह नाही. तिथे खुद्द तानाजीलाच गड म्हटलं आहे. मला ही उपमा जास्त भिडते. एक गड मिळवताना दुसरा हातचा गेला, हे दुःख स्वराज्य उभारणाऱ्या राजाचंच असू शकतं.

राहिली यशवंती घोरपड, जिला दोर बांधून मावळे कडा चढले असं सांगतात. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. घोरपड दगडाला घट्ट धरून बसते हे खरं. पण ती जाते आपल्या मर्जीने, थांबते आपल्या मर्जीने. दोर घेऊन तिने नेमक्या जागी पोचावं आणि हत्यारबंद गड्यांचा भार पेलावा, हे काही किलो वजनाच्या प्राण्याला शक्य नाही. 

बखरीत घोरपड नाहीच. दोन मावळे आधी वानरांसारखे कडा चढून गेले आणि त्यांनी लावलेल्या शिडीवरून बाकीचे वर आले, असं सभासद लिहितो. फेब्रुवारीची रात्र, काळाकभिन्न कातळ, वर मोगलांचा किल्लेदार उदेभान याचा पहारा. पोवाड्याने घोरपडीला दिलेलं श्रेय खरं तर या माणसांच्या बोटांचं आणि पायांचं आहे. गड घेतल्यावर त्यांनी वर आग पेटवली. तिचा उजेड पाहून राजगडावर महाराजांना फत्ते झाल्याचं कळलं.